एवढं मिळूनही रडू येतं, म्हणजे विश्वास कमी पडला का?

परदेशात स्थायिक झालेली ख्रिस्ती कुटुंबं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो. नोकरी आहे, मुलांची शाळा चांगली आहे, ज्यासाठी वर्षानुवर्षं प्रार्थना केली ते देवानं दिलं; मग जीव का रमत नाही? आणि या प्रश्नाच्या पोटात दुसरा, जास्त टोचणारा: मी कृतघ्न झालोय का?

असाच प्रश्न घेऊन आलेल्या एका जोडप्याची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बायको नर्स. तिला परदेशातल्या रुग्णालयात नोकरी लागली आणि तिच्या व्हिसावर नवरा आणि शाळकरी मुलगी गेले. नवरा मायदेशी शिक्षक होता, चर्चच्या मंडळीत उपासनेच्या वेळी गायनाचं बघायचा. तिकडे शिकवायचं तर पदवीची पडताळणी, भाषेची परीक्षा, नोंदणी, सगळं पहिल्यापासून. तोवर तो एका गोदामात माल लावायचा. रविवारी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायचा, कारण तिथली गाणी त्याला येत नव्हती. घरी रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि प्रत्येकानं त्या दिवसासाठी देवाचे आभार मानायचे, हा नियम त्यानंच घातलेला. मग त्याच्याच तोंडून शब्द फुटेनासे झाले. प्रार्थनेची वेळ झाली की तो भांडी घासायला उठू लागला. बायकोनं माझी वेळ घेतली ती तेव्हा.

आधी मी झोप, भूक आणि कामातलं लक्ष यांची चौकशी केली, आणि मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. श्रद्धाळू माणसाला हा प्रश्न विचारू नये असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. प्रार्थना करणाऱ्यांनाही नैराश्य येतं. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ बहुतेक दिवस मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टर गाठायचा. जीव द्यावासा वाटत असेल तर दोन आठवडे मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मदत घ्यायची. रोज आभार लिहून ठेवायची वही त्यावर उतारा नाही. कृतज्ञतेच्या सरावांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2021 मध्ये आला. त्यात नैराश्य आणि चिंतेवर या सरावांचा परिणाम दिसला, पण थोडाच. या गृहस्थाची लक्षणं त्या टोकाची नव्हती. त्याला दुःख होतं, आणि ते ठेवायला घरात जागा नव्हती.

जागा का नव्हती, हे बायकोशी बोलताना कळलं. मी तिला विचारलं, "हे म्हणाले की मला इथं नको वाटतं, तर तुम्हाला काय ऐकू येतं?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्यामुळे. मला एवढंच ऐकू येतं, मॅडम."

सगळं बिऱ्हाड तिच्या नोकरीपायी हललं होतं. रात्रपाळ्या ती करत होती, कर्जाचे हप्ते ती भरत होती, आणि नवऱ्याची वर्गातली खुर्ची आपण काढून घेतली ही बोचणीही तीच वागवत होती. तो प्रार्थनेत आभार मानायचा तेव्हा तिला रोज थोडं सुटल्यासारखं वाटायचं: निर्णय चुकला नाही, देवाचीच योजना होती. तो गप्प झाला आणि तिचा आधारच गेला. मग ती प्रार्थनेत मोठ्यानं म्हणू लागली, "प्रभू, यांना समाधानी राहायला शिकव." (प्रार्थनेतून जोडीदाराला टोमणे मारण्याची ही कला सगळ्या धर्मांत सारखीच भरभराटलेली आहे.)

त्यात बाहेरचीही भर होती. त्यांच्या प्रार्थना गटात साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगणं, व्हायच्या त्या व्हिसा मिळाल्याच्या, घर घेतल्याच्या. गोदामातल्या शिक्षकाची साक्ष कोण देणार? गावाकडून आईचा फोन आला की दोघं एका सुरात सांगायचे, "देवाची कृपा आहे." फोन ठेवल्यावर त्याला भरून यायचं. आई हयात, आवाज रोज कानावर, तरी ती हाताशी नाही. अमेरिकेतल्या कुटुंबोपचारतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकापासून अशा संदिग्ध वियोगावर काम केलं आहे. माणूस गेलेलं नसतं, म्हणून कुणी सांत्वनाला येत नाही, आणि आपणही रडायचा हक्क नाही असं धरून चालतो.

नवऱ्याची अडचण मात्र शास्त्रातली होती. बायबलमधल्या गोष्टीत रानात इस्राएल लोक कुरकुर करायचे आणि देवाचा कोप व्हायचा, तेव्हा तक्रार म्हणजे पाप, असं त्याचं म्हणणं. मी स्वतः ख्रिस्ती नाही. त्याला शास्त्र शिकवणं माझं काम नव्हे. मी फक्त विचारलं, बायबलमध्ये दुःख देवाच्या तोंडावर बोलून दाखवणारं कुणीच नाही का?

उत्तर बायकोनं दिलं. लहानपणी पाठ केलेलं तेरावं स्तोत्र तिला आठवलं. त्याची सुरुवातच "कुठवर?" अशी, आणि ते एकदा विचारून भागत नाही. शेवटी ते गाण्यावर येतं खरं. पण अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, हे नवऱ्यानं स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज जरा शिक्षकाचा झाला. पुढच्या बैठकीला तो बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र वाचून आला होता. ते लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे, समाधानी राहायला शिकलोय म्हणतो, आणि लगेच पुढे, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे चांगलं केलंत, असंही लिहितो. "म्हणजे त्याला संकट म्हणायला परवानगी होती," तो म्हणाला. रानातली कुरकुर आणि हे यांतला फरकही त्यानंच लावला: ते लोक तंबूत बसून एकमेकांत बोलत होते, स्तोत्रकर्ता देवालाच विचारतो. या फरकावर त्याच्या पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं, मत घ्यावं असं मी सुचवलं. त्यांनीही तो मान्य केला.

मग संध्याकाळच्या प्रार्थनेत बदल केला. आधी ज्याला वाटेल त्यानं दिवसातलं जड गेलेलं सांगायचं. बाकीच्यांनी उत्तर द्यायचं नाही, उपाय सुचवायचा नाही, बायबलचं वचनही सांगायचं नाही. आभार त्यानंतर, तेही आले तर.

मुलगी रोज "जेवणासाठी आभार" एवढंच म्हणायची, कारण त्यानं प्रार्थना लवकर आटपते हे तिनं हेरलं होतं. नवी रीत सुरू झाल्यावर एकदा ती म्हणाली, "आपलं कुत्रं कुणाला द्यायचं ते मला कुणी विचारलंच नाही." आईबापांनी त्या कुत्र्याला चांगलं घर मिळालं म्हणून देवाचे आभार मानले होते, तिच्यासमोरच.

नवऱ्याच्या नोंदणीचा आणि पैशांचा विषय मी प्रार्थनेतून मुद्दाम बाहेर काढायला लावला. तो कागदपेन घेऊन बोलायचा विषय. भाषेच्या परीक्षेची फी आधी भरायची की कर्जाचा हप्ता वाढवायचा, यावर दोघांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि मला ते मागच्या काही महिन्यांतलं त्यांचं सगळ्यात निरोगी संभाषण वाटलं. परीक्षेची फी भरली गेली. तो अजून गोदामातच आहे. प्रार्थनेला बसतो, आभार कधी मानतो, कधी नाही.

बायकोला मुलीसमोर सगळंच बोलणं अजून पटत नाही. कर्जाचं ओझं लेकराच्या कानावर कशाला, असं ती म्हणते. तिचं बरोबर आहे, आणि मी नवऱ्याला तसं सांगितलंय.