आंबोलीला निघालीस, तर एवढं ऐकून जा

नान्नजच्या माळावरचं गवत कागदात दाबून, वाळवून त्याचे संग्रहासाठी नमुने करायला शिकलीस, ते फार चांगलं झालं. पण सोलापुरात निम्मं काम इथली कोरडी हवाच करते. दोनतीनदा कागद बदलला की नमुना कडक. आंबोलीत वर्षाला ७००० मिमीच्या आसपास पाऊस. तिथे ओल्या कागदात राहिलेली फांदी काळी पडते, पानं देठापासून गळतात. माझे पहिले चाळीसेक नमुने असेच गेले, अजून हळहळ वाटते.

म्हणून रद्दीचा गठ्ठा दुप्पट ने आणि कागद सकाळ-संध्याकाळ बदल. वाळवायची सोयच नसेल तर नमुन्यांसकट कागदांचा गठ्ठा बांधून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल, स्पिरिटने भिजव, तोंड घट्ट बंद कर. नमुना घरी येईपर्यंत टिकतो, रंग मात्र जातो.

रंगाचंच सांगते. फुलाचा रंग, वास, देठ मोडल्यावर येणारा चीक, झाडाची उंची, यातलं वाळलेल्या नमुन्यात काही उरत नाही. झाडापाशी उभं राहूनच वहीत लिही, आणि पेन्सिलीने. शाई पावसात फुटते. क्रमांकाची चिठ्ठी लगेच बांध, मुक्कामावर गेल्यावर नाही.

फूल किंवा फळ नसेल तर फांदी तोडू नकोस. नमुना शेवटी ज्यावर चिकटवायचा ती शीट साधारण ४२ बाय २८ सेंमीची. दाबताना एखादं पान उलटं ठेव, म्हणजे खालची लव दिसते. एकच रोप दिसलं तर फक्त फोटो घे. आणि वनखात्याची परवानगी निघायच्या आधी हातात हवी.