‘अंतर्जात’ विषाणू: बाहेरून आलेला, तरी आतला?

प्रश्न असा आहे: ‘एंडोजिनस रेट्रोव्हायरस’साठी ‘अंतर्जात रेट्रोव्हायरस’ असे लिहितात, पण हे विषाणू नरवानरांच्या पूर्वजांमध्ये बाहेरूनच शिरले असतील, तर त्यांना ‘आत जन्मलेले’ कसे म्हणावे?

माझ्या मते शब्द योग्य आहे, कारण तो विषाणूच्या मूळ उगमाविषयी नव्हे, तर आज ज्या देहात तो आढळतो त्या देहाविषयी बोलतो. रेट्रोव्हायरस आपल्या आरएनएवरून डीएनए घडवून तो यजमान पेशीच्या गुणसूत्रात घुसवतो. त्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले. बाधित पेशी अंडपेशी किंवा शुक्रपेशींच्या परंपरेतली असेल, तर हा डीएनए संततीला जन्मतःच मिळू शकतो. एचआयव्ही हा रेट्रोव्हायरस संसर्गानेच होतो, म्हणून तो बहिर्जात. मानवी जीनोमचा (पेशीतल्या संपूर्ण डीएनएचा) सुमारे ८ टक्के भाग व्यापणारे हे जुने विषाणू-अवशेष मात्र वारशाने येतात, म्हणून अंतर्जात. (‘आंतरजातीय’ या शब्दाशी गल्लत नको: तिथे ‘आंतर’ म्हणजे दोहोंमधले, इथे ‘अंतर्’ म्हणजे आत.)

काही जण यांना ‘जीवाश्म विषाणू’ म्हणतात, ते मला अर्धेच पटते. बहुतेक अवशेष उत्परिवर्तनांनी मोडून पडले आहेत आणि त्यांचे वयही काढता येते: गुणसूत्रात शिरताना विषाणूच्या डीएनएची दोन्ही टोके सारखीच असतात, त्यामुळे पुढे त्यांच्यात पडलेल्या फरकावरून काळाचा अंदाज येतो. माणूस आणि चिंपँझी यांच्यात तोच अवशेष त्याच जागी सापडला, तर तो समाईक पूर्वजाकडून आला असे मानतात; उलट पीटीईआरव्ही-१ हा अंतर्जात रेट्रोव्हायरस चिंपँझी व गोरिलांमध्ये आहे, माणसात नाही.

पण अशाच विषाणूकडून माणसात आलेल्या सिन्सिटिन-१ या जनुकाला जीवाश्म कसे म्हणणार? विषाणूचे आवरण पेशीच्या पटलाशी एकरूप करणारे प्रथिन बनवणे हे त्याचे मूळ काम. आज त्याचेच प्रथिन वारेच्या (प्लॅसेंटाच्या) पेशी एकमेकींत विलीन करून गर्भाच्या पोषणासाठी लागणारा बहुकेंद्रकी थर घडवते. सिन्सिटिन-२ तर त्याहून जुने, चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे.

म्हणून निकामी तुकड्यांना ‘विषाणू-अवशेष’, सिन्सिटिनसारख्यांना ‘विषाणूजन्य जनुक’ आणि या सर्वांना मिळून ‘अंतर्जात’ म्हणावे. ‘विषाणूजन्य’ म्हटले की आजारच आठवतो हे खरे. परंतु ‘जन्य’चा अर्थ ‘त्यापासून उत्पन्न झालेले’ इतकाच असून तो इथे चपखल बसतो.