घर घेताना: जमीन कोणाची, वारस किती, कर्ज फिटलंय का?

प्रश्न: बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत फ्लॅट पसंत केलाय. बिल्डर म्हणतो, आत्ता २० टक्के भरा, करारनामा दोन महिन्यांनी करू. भरावेत का?

नाही. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायला रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे, मग तिला टोकन म्हणा, बुकिंग म्हणा नाहीतर अर्जाची फी. ७० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ७ लाख. ताबा लांबला तर व्याज किंवा पूर्ण पैसे परत मागण्याचा हक्क करारनाम्यातल्या ताब्याच्या तारखेवर उभा असतो. नुसत्या पावतीवर ती तारीख नसते आणि भांडण तिथेच कमजोर पडतं. महारेराच्या, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या राज्य प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाखाली करारनाम्याचा मसुदा असतो. तुम्हाला दिलेला मसुदा त्याच्याशी कलमवार ताडून पाहा.

प्रश्न: आवडलेला रीसेल फ्लॅट भाडेपट्ट्याच्या जमिनीवर आहे. एजंट म्हणतो, 'सगळे असेच घेतात.' धोका कितपत आहे?

घ्यायला हरकत नाही, पण काय विकत घेताय ते नीट समजून घ्या. नवी मुंबईतले सिडकोचे ६० वर्षांच्या पट्ट्याचे भूखंड, पिंपरी-चिंचवडमधले पूर्वीच्या प्राधिकरणाचे ९९ वर्षांचे पट्टे, शासनाने सोसायट्यांना दिलेल्या जमिनी, या सगळ्यांत जमिनीचा मालक वेगळाच असतो. तुम्हाला मिळतो तो उरलेल्या मुदतीपुरता हक्क.

म्हणून मूळ भाडेपट्ट्याची पूर्ण प्रत मागा. ती सोसायटीकडे असायला हवी. नसेल तर नोंदणी झालेल्या दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकांकडून काढता येते. त्यात आधी मुदत कोणत्या तारखेपासून मोजायची ते बघा. १९८६ साली सुरू झालेला ६० वर्षांचा पट्टा २०४६ साली संपतो. वीस वर्षांचं कर्ज काढायचं असेल तर बँक हाच हिशेब करते आणि कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक राहावीत असा आग्रह धरते. नंतर नूतनीकरणाचं कलम वाचा. 'नूतनीकरण केले जाईल' आणि 'पट्टा देणाऱ्याच्या मर्जीनुसार करता येईल' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिसरं कलम हस्तांतराचं: आधी परवानगी लागते का, शुल्क किती आणि ते कोणी भरायचं.

बहुतेक व्यवहार अडतात ते इथे. समजा, आजच्या विक्रेत्याने २००४ साली हा फ्लॅट परवानगी न घेताच घेतला होता. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव चढवलं, पण जमीनमालक संस्थेच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या दप्तरी तो नाहीच. आता तुमचा अर्ज गेला की जुना शर्तभंग उघडा पडतो आणि आधीचं हस्तांतर दंडासह नियमित करून घ्यावं लागतं. हा खर्च विक्रेत्याने करायचा, हे साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, स्पष्ट लिहून घ्या. परवानगी मिळेपर्यंत मोठी रक्कम देऊ नका, आणि ती नाकारली गेली तर पैसे किती दिवसांत परत मिळतील ते आकड्यात लिहा.

मालमत्ता पत्रकही वाचा. तिथे 'भोगवटादार वर्ग-२' असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही. अशा जमिनी अधिमूल्य भरून वर्ग-१ करण्याचे नियम महाराष्ट्रात २०१९ साली आले आहेत. सोसायटीने तसा अर्ज केला आहे का आणि प्रत्येक सभासदाच्या वाट्याला किती रक्कम येणार, हे सचिवांना विचारा. 'आमचं मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जमिनीचे हक्क दिले नाहीत तर ते सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे होणं) झालंय' या उत्तरावर थांबू नका. पट्ट्याच्या जमिनीत त्यातून सोसायटीकडे येतात ते पट्ट्याचे हक्क, मालकी नाही. पुढे पुनर्विकास करायचा झाला तरी जमीनमालकाला विचारावंच लागतं.

प्रश्न: फ्लॅट वडिलांच्या नावावर होता. ते वारले, मुलगा नॉमिनी आहे आणि सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर त्याचं नाव लावलंय. एवढं पुरे का?

पुरे नाही. नॉमिनी हा सोसायटीपुरता प्रतिनिधी, मालकी वारसांची. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे पहिल्या वर्गातले वारस असतात. यातली आई हमखास विसरली जाते. वडिलांपाठोपाठ ही आजी वारली असेल तर तिचा हिस्सा तिच्या इतर मुलांकडे, म्हणजे विक्रेत्याच्या काका-आत्यांकडेही जातो. त्यामुळे विक्री करणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, नाहीतर सगळ्यांनी खरेदीखतावर सह्या कराव्यात. लग्न झालेल्या मुलींनी 'आम्हाला काही नको' असं साध्या कागदावर लिहून दिलेलं चालत नाही.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, कर्ज फिटलंय. खात्री कशी करायची?

बँकेचं 'कर्ज निरंक' पत्र आणि मूळ कागद, दोन्ही बघा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून 'कागद अजून बँकेतच आहेत' हे उत्तर अनेक महिन्यांनी ऐकू आलं तर सावध व्हा. मूळ करारनामा हरवला असं सांगितलं तर पोलिसांतली नोंद, वर्तमानपत्रातली जाहीर सूचना आणि प्रमाणित प्रत, तिन्ही मागा. वकिलाकडून मालमत्तेच्या ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घ्याच, पण फक्त सूची क्रमांक दोनवर (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सरकारी सूचीवर) विसंबू नका. नुसते मूळ कागद ठेवून काढलेलं जुनं कर्ज तिथे दिसेलच असं नाही. सरसाईच्या (CERSAI, तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदणीच्या) नोंदींतही शोध घ्या.

प्रश्न: व्यवहार ६२ लाखांचा आहे. टीडीएस कोणी, किती कापायचा?

तुम्ही, म्हणजे खरेदीदाराने. टीडीएस म्हणजे विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून कापून सरकारकडे भरायचा कर. करारातली किंमत किंवा मुद्रांक शुल्कासाठीचं मूल्य ५० लाख किंवा त्याहून जास्त असलं की दोन्हींपैकी मोठ्या रकमेवर १ टक्का, इथे किमान ६२,००० रुपये. पती-पत्नी मिळून घेत असले तरी मर्यादा एकूण किमतीलाच लागते. ज्या महिन्यात कापला तो संपल्यापासून ३० दिवसांत भरायचा. विक्रेत्याचा पॅन निष्क्रिय असेल तर दर २० टक्के होतो, त्यामुळे पॅन आधी तपासा. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागूच होत नाही. तिथे कपात बरीच जास्त असते. त्याने आयकर विभागाकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आणल्याशिवाय पहिला हप्ताही देऊ नका.