मराठवाड्यात राहून स्वतंत्र ॲनिमेटर म्हणून पोट भरतं का? आणि कल्पना सुचतात तरी कुठून?

पोट भरतं, पण फिल्मवर नाही. तुम्ही लिहिलंय की परभणीजवळच्या गावात राहता, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, चित्रं बरी काढता आणि घरचे म्हणतात, पुण्याला जाऊन नोकरी बघ. मी लातूरला बसून आठ वर्षं हेच करतोय, तेव्हा माझा हिशेब सांगतो.

घरात पैसा येतो तो लग्नपत्रिकेच्या व्हिडिओंतून, बियाण्यांच्या आणि ठिबकच्या जाहिरातींतून आणि कोचिंग क्लासवाल्यांच्या धड्यांतून (लातुरात क्लासना काय तोटा!). ठिबकचं पाणी मुळाशी कसं मुरतं ते ४० सेकंदांत दाखवायचं, असली कामं मी कुठं मिरवत नाही, पण किराणा त्यावरच येतो. लग्नसराईत मान वर करायला फुरसत नसते. आषाढात फोनसुद्धा वाजत नाही, तेव्हा स्वतःची फिल्म पुढं सरकते.

पहिल्याच वर्षी एका जाहिरातीची फायनल फाइल पैसे यायच्या आधी पाठवून बसलो. शेठ म्हणाले, “पोळा झाला की देतो.” कोणत्या वर्षीचा पोळा, हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून निम्मे पैसे आधी, बदल दोनदाच, आणि बाकी जमा होईपर्यंत मधोमध माझं नाव छापलेली फाइल. व्हॉट्सॲपवर का होईना, पण हे लिहून घ्या.

आता फिल्मचं गणित. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेमना चालवलं तरी सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०, पाच मिनिटांना ३,६००. रोज १० काढली तर ३६० दिवस, आणि ही नुसती कच्ची. सफाई, रंग, आवाज पुढंच. मी पहिलीच फिल्म १२ मिनिटांची धरली होती. ती अजून हार्डडिस्कमध्ये पडून आहे. तुम्ही ४० सेकंदांची धरा.

सॉफ्टवेअरचं कारण सांगू नका. ब्लेंडर फुकट आहे, हाताने काढायचं असेल तर त्यातच ग्रीस पेन्सिल आहे. लाटव्हियाचा दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिसचा ‘फ्लो’ हा ॲनिमेशनपट ब्लेंडरमध्येच झाला आणि त्याला २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. त्याला छोटी का होईना, टीम होती. पण त्याआधीची सव्वा तासाची फिल्म त्याने एकट्याने केली होती, संगीतासकट. आणि ‘फ्लो’मधल्या मांजराचं मूळ त्याने शाळेच्या वयात केलेल्या एका छोट्या फिल्ममध्ये आहे. म्हणून म्हणतो, ४० सेकंदांना हसू नका.

शिकायचंच असेल तर अहमदाबादची एनआयडी आणि मुंबई आयआयटीतली आयडीसी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्था आहेत, दोन्हीकडे प्रवेश परीक्षा आहे. मी दिली होती, लागलो नाही. फिल्म झाली की मुंबईचा मिफ हा चित्रपट महोत्सव आहे, दर दोन वर्षांनी भरतो, त्यात ॲनिमेशनला वेगळी जागा असते. निवड नाही झाली तरी बघायला जा.

कल्पनांचं विचाराल तर सगळे तुम्हाला अजिंठ्याला पाठवतील. जा, १७ नंबरच्या लेण्यात विश्वंतराची गोष्ट बघा. एकाच भिंतीवर तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा येतो, आपण सरकत जातो तशी गोष्ट सरकते. मला मात्र जास्त कामाला आली ती पैठण शैलीची चित्रं. चित्रकथी लोक ती गावोगाव दाखवत फिरायचे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात बघायला मिळतील. एका बाजूला चेहरा वळवलेली, टपोऱ्या डोळ्यांची ताठ माणसं, दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली. गोष्ट सांगणाऱ्याने चित्र उलटलं की पुढचा प्रसंग. आकृती तसूभर हलत नाही, हलवतो तो सांगणाऱ्याचा आवाज. तेव्हापासून मी आधी आवाज ध्वनिमुद्रित करतो, चित्र नंतर. निम्मी चित्रं काढावीच लागत नाहीत.

बाकी सगळं घराजवळच सापडतं. सध्याची फिल्म येळवशीची आहे. वेळ अमावस्येला सगळं घर आंबिलाचं मडकं घेऊन शेतात निघतं, तेवढीच वाट. त्यात एक देवणी बैल गाडी ओढतो. चार दिवस खपून त्याची चाल काढली आणि मोबाइलवर चुलत्यांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “आरं, ह्यो चालायलाय का दुडकायलाय?”

मी समोरचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम उचलला होता. चालताना बैलाचे चारही पाय वेगवेगळे पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी दिलेल्या वावरात जाऊन काळ्या चिखलातले ठसे बघितले: पुढचा खूर जिथून उचलला, जवळजवळ तिथंच मागचा पडलेला. मग तासभर बांधावर बसून नुसतं बघत राहिलो. जू मानेवर आलं की मान खाली जाते, आणि वशिंड अंगाबरोबर हलत नाही, किंचित मागून हलतं. ते मागून हलणं दोन फ्रेम उशिरा टाकलं आणि एकदम बैलाला वजन आलं. कोणत्याही ट्यूटोरियलमध्ये मला हे सापडलं नव्हतं.

आठ दिवसांनी चुलत्यांना परत दाखवलं. दोनदा बघितलं त्यांनी. “चाल बरी हाय आता,” म्हणाले. “पण येसण कुठंय रं ह्याला?”