अक्षरावरची खूण

प्रिय,

परदेशी माणसांना मेल लिहिताना त्यांच्या नावातल्या अक्षरांवरच्या खुणा गाळल्या तर चालतं का, असं तू विचारलं आहेस. नावात तरी गाळू नकोस.

आपल्याकडे 'दिन' आणि 'दीन' यांत फरक फक्त वेलांटीचा. तिकडेही तसंच आहे. स्पॅनिशमध्ये वर्षाला 'आन्यो' म्हणतात. त्यातल्या 'एन'वरची नागमोडी रेघ गाळली की शब्दाचा अर्थ होतो गुदद्वार. नववर्षाच्या शुभेच्छांमध्ये नेमका हाच शब्द लागतो! तुर्कीत टिंबाचा 'आय' आणि बिनटिंबाचा 'आय' ही दोन वेगळी अक्षरं आहेत. जर्मन माणूस अक्षरावरच्या दोन टिंबांऐवजी पुढे 'ई' जोडलेला चालवून घेतो, पण ती सोय सगळ्या भाषांना लावू नकोस.

खुणा गाळायची सवय लागली ती जुन्या यंत्रांमुळे. १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' या संगणकाच्या अक्षरसंकेतात जागा अवघ्या १२८, त्यामुळे अशा अक्षरांना तिथे थाराच नव्हता. १९९१ मध्ये युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांसाठीच्या एकाच अक्षरसंकेताची, पहिली आवृत्ती आली आणि ही अडचण हळूहळू मागे पडली. आता फोनवर अक्षर दाबून धरलं की त्याची सगळी रूपं समोर येतात. त्याहून सोपं म्हणजे, त्या व्यक्तीनं स्वतःच्या मेलखाली लिहिलेलं नाव तसंच्या तसं उचलायचं. मी अजूनही तेच करतो.

एका गोष्टीनं मात्र मला फार छळलं आहे. यादीत एक नाव डोळ्यांना स्वच्छ दिसत होतं, पण शोधलं की सापडत नव्हतं. दोन दिवस गेले. तिरकी रेघ असलेला 'ई' युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकतर खुणेसकट तयार असलेलं एकच अक्षर, नाहीतर साधा 'ई' आणि त्यापुढे वेगळी खूण. दिसायला दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र निराळे. यादी बनवशील तेव्हा आधी सगळी नावं एकाच रूपात आणून घे. या कामाला नॉर्मलायझेशन म्हणतात आणि बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत त्याची सोय असते.

एसएमएसचं थोडं वेगळं. त्याच्या ठरावीक अक्षरसंचाबाहेरचं एक जरी अक्षर आलं, तरी १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते. तिथे मजकूर आटोपशीर ठेव, नाव कापू नकोस.

आधी खुणांशिवाय गेलेल्या मेलबद्दल वेगळी माफी मागायची गरज नाही. उद्याच्या मेलमध्ये नाव नीट लिही.

तुझा,
काका