वाचक विचारतात : धुके, गच्ची आणि मांजर

प्रश्न : आमची दोन वर्षांची मांजर फ्लॅटमध्येच वाढली. धुके पडले की खिडकीच्या जाळीला नाक लावून बसते. म्हणून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घालून खाली नेले, तर तीन पावलांवर अंग टाकते; ओढले की मागे सरकत हार्नेसमधून निघू पाहते. काय चुकते?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ओढणे चुकते. मांजराच्या गळ्याखालचे खांद्याकडे जाणारे हाड दुसऱ्या हाडांना पक्के जोडलेले नसते, त्यामुळे त्याला खांदे आवळता येतात. समोरून दोरी ताणली की ते मागे रेटा देते आणि हार्नेस डोक्यावरून निघतो. दोरी दोन मीटरची घ्या, सैल ठेवा आणि कायम त्याच्या मागे राहा. पट्टा पुढच्या पायांच्या लगेच मागे बसावा, केस दाबून पाहिल्यावर खाली दोन बोटे जावीत. तीन गेली तर सैल.

आधी घरात आठ-दहा दिवस सराव हवा. पहिले दोन दिवस हार्नेस नुसता जेवणाच्या वाटीजवळ पडू द्या. मग दोन-तीन मिनिटे घालायचा, खायला द्यायचे, काढायचा. सुरुवातीला मांजर कुशीवर कोसळते. अंगावर दाब आल्यामुळे ते होते, दुखले म्हणून नव्हे. हार्नेससकट शेपूट उभी करून वाटीकडे आले की बाहेरचा विचार करा.

आणि मांजराला फिरवायला जाऊ नका, बसायला जा. नेहमीची चादर घातलेली बास्केट सोसायटीच्या मागच्या शांत कोपऱ्यात ठेवा, दार उघडा आणि दोन हातांवर चटई टाकून बसा. हाका नाहीत, मोबाइल नाही. पहिल्या दिवशी ते बास्केटमधून फक्त डोके काढेल. तेवढे पुरे. दहा मिनिटांत परत या, आणि सकाळचे खाणे परतल्यावरच द्या. भुकेले मांजर घरी खुशीने येते.

नागपुरात दाट धुके बहुधा अवकाळी पाऊस होऊन गेला, रात्री आभाळ निवळले आणि वारा पडला की धरते. जमीन रात्रभर थंड होत जाते, म्हणून ते सूर्योदयाच्या आसपास सर्वांत दाट असते. पावणेसात-सातला बाहेर पडा. उन्हे चढली की रस्ता जागा होतो आणि मांजराचे लक्ष उडते.

धुक्यात लांबचे दिसत नाही, तेव्हा मांजर कानांवर आणि नाकावर भिस्त ठेवते. बघण्यासारखे तेच आहे. एक कान दूधवाल्याच्या सायकलीकडे, दुसरा पालापाचोळ्याकडे. मिशांच्या टोकांना बारीक थेंब धरतात, मग डोके एकदम झटकते. कुंपणाच्या खांबाला दुसऱ्या मांजराचा वास असेल, तर वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडे ठेवून काही क्षण थबकते. टाळूतल्या वासाच्या इंद्रियापर्यंत ते हवा पोचवत असते. घाबरलेले नसते, त्याला उचलू नका. पोट जमिनीला टेकवून सरपटणे, कान आडवे, शेपूट फुललेली, किंवा तोंड उघडून धापा टाकणे : यातले काहीही दिसले की बास्केट जवळ सरकवा आणि घरी चला.

प्रश्न : थंडी बाधेल का? — एक वाचक, महाल

उत्तर : धडधाकट, पूर्ण वाढलेल्या मांजराला 10–12 अंशांत पंधरा-वीस मिनिटे काही होत नाही. ओल मात्र सांभाळा. वरच्या केसांवर दव चालेल; पोटाखाली बोटे घालून कातडीला ओल लागली तर पुरे झाले. घरी आल्यावर पंजे आणि पोट सुती पंचाने टिपा. पंजे टिपायचेच, कारण ते चाटले जातात आणि लॉनवर फवारणी झालेली असू शकते. चार महिन्यांच्या आतले पिल्लू, म्हातारे किंवा शिंकणारे मांजर नेऊ नका. रेबीज आणि ट्रायकॅटची (मांजरांच्या तीन विषाणूजन्य आजारांवरची) लस झालेली हवी. पिसवांचे औषध मांजराचेच वापरा. कुत्र्यांच्या औषधातले परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेऊ शकते.

कचरा जाळल्याचा वास येत असेल तर त्या दिवशी बेत रद्द. वारा नसलेल्या सकाळी धूर जमिनीलगतच साचतो, आणि मांजराचे नाकही तिथेच असते.

प्रश्न : फुटाळा तलावावर नेऊ का? — एक वाचक, रविनगर

उत्तर : नको. मोकाट कुत्रा धुक्यात दहा पावलांवर आल्यावर दिसतो. घाबरलेले मांजर तुमच्याच अंगावर चढते, ओरबाडते आणि सुटते.

प्रश्न : मग गच्ची सुरक्षित ना? — एक वाचक, नंदनवन

उत्तर : दोरी बांधून, हो. तीन फुटांचा कठडा मांजराला एका उडीचा असतो. पण जानेवारीत आधी गच्ची झाडून घ्या. संक्रांतीच्या पतंगांचा तुटलेला मांजा पाण्याच्या टाकीमागे आणि पाइपांना गुंडाळलेला सापडतो. नायलॉनच्या मांजावर बंदी असूनही सापडतो. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणे त्याला अवघड जाते, तो आतच ओढला जातो. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका. दुसरे टोक आत अडकलेले असेल तर आतडे करवतीसारखे कापले जाते. लोंबता दोरा तसाच ठेवून, काही खाऊ न घालता, तडक पशुवैद्यांकडे न्या.