पॉइंट्स की स्वस्त तिकीट?

प्रश्न : माझी मुलगी डिसेंबरात मेलबर्नहून गोव्याला येणार आहे. तिने स्वस्त तिकीट घ्यावे की क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीचे पॉइंट्स (प्रवासावर मिळणारे बक्षीस गुण) मिळतील असे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : गोव्यातील मोपा किंवा दाबोळी विमानतळापर्यंतचा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, असा माझा आग्रह आहे, कारण वेगवेगळी तिकिटे काढली आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे पुढचे चुकले, तर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही, आणि नाताळच्या गर्दीत ऐनवेळचे तिकीट फार महाग पडते. पॉइंट्सचा विचार त्यानंतर करावा. क्वांटास आणि कतार एअरवेज या दोन्ही कंपन्या वनवर्ल्ड आघाडीत असल्याने दोहामार्गे आल्यासही पॉइंट्स जमा होऊ शकतात, मात्र किती ते भाड्याच्या वर्गावर ठरते. खात्यात 18 महिने काहीच उलाढाल न झाल्यास जमलेले पॉइंट्स बाद होतात, हे मुलीला अवश्य कळवावे.